अर्धं नख

आधी जीभ गेली.
मालवणीची वानगी तोंडात टाकली
तर नुसता लाकडाचा भुसा.
दिगूवर ओरडले, बेडगी बदललीस काय रे?
तो म्हणाला, तीच की काकी, त्याच पोत्यातली.
लालबागच्या या गल्लीत
धने जास्त भाजले की दगडफूल कमी पडलं,
हे विचारायला शेजारचे दुकानदारही
पुडी घेऊन माझ्याकडे यायचे.

मग केस.
मग नखं,
लवंगेचं डोकं गळावं तशी, न दुखता.
एक परातीत सापडलं, कणकेत.
हात काळवंडले.
गिऱ्हाइकं म्हणाली, मिरची भाजून भाजून.
पोटाचं कुणाला सांगणार?
दिवसातून बारा वेळा,
आणि चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला.

परळचं हॉस्पिटल पायी पंधरा मिनिटं.
मी टॅक्सीने गेले.
डॉक्टर ऐनापुरे, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली,
त्यांनी पडद्यावर माझं आतडं दाखवलं.
तिरफळांचे घोस!
आत कुणी वाळत घातले होते कोण जाणे.

'आईवडिलांकडून आलेलं नाही,' म्हणाले.
'मग?'
'कुठून येतं ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.'
दुकान सासऱ्यांचं,
मसाल्याचं प्रमाण सासूचं,
कानातल्या कुड्यासुद्धा आजीच्या.
म्हणजे साठ वर्षांत
ही एवढी एकच माझी स्वतःची कमाई.

दोन परक्या डॉक्टरांची नावं जोडून आजाराचं नाव,
त्यातलं दुसरं कॅनडा.
जाऊ म्हणाली, बघ, व्हिसा न काढता पोचलीस.
हसताना सलाईनची सुई हलली.
रोज सकाळी विद्यार्थी यायचे,
माझी बोटं एकमेकांच्या हातात द्यायचे.
एकीने हळूच विचारलं, आजी, फोटो काढू?
म्हटलं काढ, पण बांगडी दिसू दे.

अल्ब्युमिनची बाटली तिळाच्या तेलाच्या रंगाची.
एका बाटलीला एक पोतं धने,
मी मनात हिशेब करत राहिले
आणि ती थेंब थेंब माझ्यात उतरत राहिली.
पायांची सूज गेली.
मग सकाळी खाऊन आठ गोळ्या,
स्टेरॉईड, चाळीस मिलिग्रॅम.
उभा जन्म किलोत मोजला,
मिलिग्रॅम एवढं काही करू शकतो
हे माहीत नव्हतं.

तोंड भाकरीसारखं फुगलं.
साखर वाढली.
रात्री तीनला उठून मी बरण्या पुसायची,
पुसलेल्या परत पुसायची.
अंड्याचा पांढरा भाग, दिवसाला सहा,
माळ काढून ठेवली खुंटीवर,
तिच्याकडे बघायची नाही.

'गोळी एकदम तोडायची नाही,' ऐनापुरे बजावतात.
हे मला शिकवायला नको.
खोबरं भाजताना आच
हळूहळूच उतरवायची असते,
घाई केली की वरून लाल, आत ओलं.
आठच्या सात झाल्या, साताच्या सहा.
चारवर आले आणि पोट परत बिघडलं.
पुन्हा सहा.
दुसरीही एक गोळी जोडली, आणि तिच्यासाठी
दर पंधरा दिवसांनी रक्त.

आता आठवा महिना.
परवा पुन्हा नळी घातली.
घोस विरळ झालेत, गेले नाहीत.
डोक्यावर जावळासारखं काहीतरी आलंय,
नात हात फिरवून जाते.
अंगठ्याचं नख अर्ध्यापर्यंत नवं, गुलाबी,
वरचं अर्धं जुनं, खरबरीत,
मध्ये एक आडवी रेघ.

मीठ पहिल्यांदा आलं,
मग चिंच,
हिंग एका दुपारी अचानक.
दगडफूल अजून नाही.

या काळात चव दिगू बघत होता.
मीच शिकवलं, आठवणीने, जीभ नसताना.
काल नवा घाणा काढला.
मी म्हटलं, जायपत्री कमी आहे.
तो म्हणाला, नाही काकी, बरोबर आहे.
आम्ही दोघांनी पुन्हा चाखलं.
पुन्हा तेच.

गिऱ्हाईक उभं होतं.
मी चिमूटभर जायपत्री घेतली,
नव्या नखाच्या टोकाने,
आणि टाकावी की नाही
हे ठरवत राहिले.